हाँगकाँग करमुक्त नाही
‘हाँगकाँग मुक्त बंदर असल्याने तिथे कोणताच कर नाही’ हा समाजमाध्यमांवर फिरणारा दावा अर्धाच खरा आहे. तिथे आयातीवर सरसकट सीमाशुल्क नाही आणि आपल्या जीएसटीसारखा करही नाही. मात्र तीव्र मद्य, तंबाखू, खनिज तेल आणि मिथाइल अल्कोहोल यांवर शुल्क आहे, आणि तेही इतके काटेकोर, की प्रौढ प्रवाशाला शुल्काविना 19 सिगारेटीच नेता येतात, म्हणजे विसाचे भरलेले पाकीटसुद्धा चालत नाही. कंपन्यांच्या पहिल्या 20 लाख हाँगकाँग डॉलर नफ्यावर 8.25 टक्के आणि पुढे 16.5 टक्के कर आहे, पगारावरही आहे. शिवाय जवळजवळ सगळी जमीन सरकारी असून भाडेपट्ट्याने दिली जाते. त्या उत्पन्नावर तिजोरी अनेक वर्षे विसंबून राहिली आणि त्याचा भार रहिवाशांनी घरांच्या चढ्या किमतींतून सोसला, हे दावा करणारे सांगतच नाहीत.