विरजणाची वाटी

सस्पेन्स पिक्चरचा नाद असणाऱ्या माणसानं कोल्हापुरात जन्म घेऊ नये. तांबड्या-पांढऱ्यासाठी घ्यावा, कुस्तीसाठी घ्यावा, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खायला तर जरूर घ्यावा, पण सस्पेन्ससाठी नको. कारण आमच्या गावाच्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही. गंगावेशीत म्हशीचं ताजं दूध प्यायला उभं राहिलं की ग्लासावरचा फेस बसायच्या आत कुणी प्लॉट विकला, कुणाचं ठरलेलं मोडलं आणि कुणाचं पोरगं कुणाच्या गाडीवर दिसलं हे सगळं कळतं, तिथं पिक्चरमधला खुनी बिचारा किती वेळ लपणार.

पहिला घाव घरातच बसला, तोही सख्ख्या आजीकडून. मी शाळेत होतो तेव्हा, गल्लीनं वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर आणलेला, सोबत तीन कॅसेट, आणि मांडला आमच्या सोप्यात कारण आमचा सोपा मोठा. पहिली कॅसेट 'मेरा साया'. १९६६ चा पिक्चर, सुनील दत्त वकील, त्याची लाडकी बायको त्याच्या डोळ्यादेखत जाते, आणि मग पोलिसांनी पकडलेली एक डाकू बाई हुबेहूब तोच चेहरा घेऊन म्हणते की मीच तुझी बायको. दोन्हीकडं साधना. गल्ली चिडीचूप, माझ्या अंगावर काटा, आणि तेवढ्यात मागून आजीचा आवाज, "अगं बया, ह्यो तर आपला पाठलाग!"

आता ह्यात आजीची चूक काहीच नव्हती. राजा परांजप्यांचा मराठी 'पाठलाग' १९६४ चा, भावना आणि काशिनाथ घाणेकर, त्याच्यावरूनच 'मेरा साया' निघाला, आणि आजीनं तो थेटरात दोनदा बघितलेला. पण तिनं पुढच्या दोन वाक्यांत जे काही सांगून टाकलं त्यानंतर गल्लीला झुमक्याच्या गाण्यापलीकडं त्या पिक्चरमध्ये काही उरलंच नाही, आणि मला पुढं चार दिवस आजीशी बोलायची इच्छा झाली नाही. ती मात्र खूश, तिच्या मते तिनं सगळ्यांची काळजी मिटवली.

बरं गाव तरी कसलं, १९१७ ला बाबूराव पेंटरांनी इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२९ ला प्रभात पण इथंच सुरू झाली, नंतर गेली पुण्याला. कंपन्या गेल्या पण पिक्चरमधलं कळणारी माणसं हितंच राहिली. घरटी एक.

तरी नाद सुटला नाही. १९८५ ला दूरदर्शनवर 'करमचंद' ही डिटेक्टिव्हची मालिका लागली आणि पंकज कपूरचं बघून मी पण गाजर खात गल्लीतल्या हरवलेल्या चपलांचा तपास घ्यायला लागलो. चपला कोल्हापुरी, सगळ्या सारख्याच, केस कधी सुटली नाही. १९९३ ला रजित कपूरचा 'ब्योमकेश बक्शी' आला, आणि तो बघून तर मी स्वतःच रहस्यकथा लिहायला बसलो. त्यातला मेन क्लू असा होता की बंद दाराआडून आवाज येतो, "मी आलो." म्हणजे आत पुरुष आहे! लिहून झालं, थोरल्या बहिणीला वाचायला दिलं, तिनं वाचलं आणि म्हणाली, "लई भारी आहे, पण मी आता जातो, दळण आणायचंय." तिथं गोष्ट संपली. आमच्याकडं बायका पण मी आलो, मी गेलो, मी जेवलोच म्हणतात. हाच क्लू पुण्यात असता तर निम्मे संशयित बाद झाले असते, कोल्हापुरात अख्खी गल्ली तशीच्या तशी संशयित राहते.

मग कॉलेजात सस्पेन्स पिक्चर काढणारा दिग्दर्शक हिचकॉक भेटला आणि तो काय सुटला नाही बघा. हा गोल पोटाचा माणूस १९५५ पासून अमेरिकेच्या टीव्हीवर यायचा, पडद्यावर आधी नुसती रेघांची आकृती, मग त्याची सावली हळूच येऊन त्या आकृतीत फिट्ट बसायची, आणि मग शांतपणे भयंकर काहीतरी सांगायचा, जसं काय घरपट्टी भरायची आठवण करतोय. त्यानं त्रुफो नावाच्या फ्रेंच दिग्दर्शकाला एक गोष्ट समजावलेली जी मी घरात सगळ्यांना समजावून थकलो. टेबलाखाली बॉम्ब आहे, कुणालाच माहीत नाही, अचानक फुटला, तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवलं आणि टेबलावरची माणसं आपली निवांत गप्पा मारतायत, तर तोच प्रेक्षक पंधरा मिनिटं खुर्चीला धरून बसतो. म्हणून तर तेच पिक्चर परत परत बघता येतात. बायकोला हे पटत नाही. मी हिचकॉकचा 'सायको' लावला की ती दरवेळी विचारते, "अजून नाही का कळलं कुणी मारलं ते?"

आता 'सायको'चं म्हणाल तर १९६० मध्ये हिचकॉकनं नियमच काढलेला, पिक्चर सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही. मला हा नियम घरात लावायचा होता. मागच्या महिन्यात मुलानं पंचावन्न इंची टीव्ही घेऊन दिला, तर म्हणलं उद्घाटन 'सायको'नंच, एवढ्या मोठ्या कलर टीव्हीवर ब्लॅक अँड व्हाइट बघालाय म्हणून मुलगा दुखावला तो भाग वेगळा. रात्री साडेआठला दिवे बंद, दार लावलं, जाहीर केलं, आता कुणी आत यायचं नाही.

आई आधीपासूनच आत होती.

"ही कोण?" "मॅरियन." "पैसे हिचे हायत?" "नाही, चोरलेत." "मग परत दे म्हणावं." असं करत करत आम्ही बाथरूमपर्यंत पोचलो. हा सीन पडद्यावर पाऊण मिनिटाचा आणि शूटिंगला आठवडा लागलेला, हिचकॉकला तिथं म्युझिकच नको होतं, म्युझिक देणाऱ्या बर्नार्ड हरमननं ऐकलं नाही आणि त्या व्हायोलिनच्या किंकाळ्या घातल्या. बाथरूमचा पडदा सरकला, सुरीचा हात वर गेला, आणि स्वयंपाकघरात कुकरनं शिट्टी दिली. काय टायमिंग! खरं सांगतो, हरमनच्या तोडीची शिट्टी होती. रक्त वाहायला लागल्यावर आई कळवळली म्हणून मी सांगितलं, अगं ते रक्त नाही, चॉकलेटचं सिरप आहे. तर तिला त्याचंच जास्त वाईट वाटलं. "एवढं चॉकलेट मोरीत घातलं?"

पुढं एक डिटेक्टिव्ह जिना चढतो. तो जिना मी अकरा वेळा बघितलाय, तरी प्रत्येक पायरीला माझे तळवे गार पडतात. तो चौथ्या-पाचव्या पायरीवर असेल नसेल, दारावरची बेल वाजली. मी अक्षरशः सोफ्यातून उडालो. शेजारच्या वहिनी, हातात रिकामी वाटी. "भाऊजी, जरा विरजण मिळंल का? काय बघालाय अंधारात?" आणि उत्तराची वाट न बघता आईच्या शेजारी टेकल्या.

पाच मिनिटं बघितलं असेल. मग ज्या आवाजात मेथीची पेंडी महाग दिली म्हणून सांगतात त्या आवाजात वहिनींनी सांगून टाकलं. काय ते मी इथं लिहिणार नाही, अजून कुणी न बघितलेले असतील त्यांच्यासाठी एवढं पाळतो. पण बरोबर होतं, कारणासकट बरोबर.

"वहिनी, आधी बघितलाय तुम्ही?"

"छे हो, मी कुठं इंग्लिश बघतो. पण त्या लॉजवाल्या पोराचं वागणं बघा की." आणि "भाजी करपत असंल" म्हणत उठून गेल्या. आईनं लगेच आधीपासून माहीत असल्यासारखी मान हलवली. मला पुढं हलवण्यासारखं काही राहिलं नाही.

पण पिक्चर बंद केला नाही. रिमोट उचलायला हात पुढं केला तर टीपॉयवर वहिनींची वाटी. रिकामी. विरजण न घेताच गेल्या होत्या. म्हणजे दूध तापवून ठेवलं असणार, ते कोमट होईपर्यंत त्यांना काही आठवणार नाही, आणि कोमट झालं की आठवेल. घड्याळ बघितलं, पिक्चरमधला तळघराचा सीन पण जवळ आलेला. गुपचूप विरजण घालून वाटी त्यांच्या दारात ठेवून यावं असं एकदा वाटलं, पण तेवढ्यासाठी तळघर कोण सोडणार. पडद्यावर मॅरियनची बहीण, ती पोरगी, एकेक पायरी उतरायला लागली, आईनं पदर तोंडाला लावला, आणि मी अर्धा डोळा पडद्यावर, अर्धा डोळा वाटीवर, कान सगळेच्या सगळे बेलकडं लावून बसलो.

पोरीनं खुर्चीवर बसलेल्या म्हातारीच्या खांद्याला हात लावला.

"भाऊजी, वाटी राहिली बघा!"