अर्धी दाढी आणि अख्खा पिक्चर

माझी उजव्या गालाची दाढी झाली होती आणि डाव्या गालाला फेस लावलेला होता, तेवढ्यात बाकड्यावरून आवाज आला, "पिक्चर बघलंस?"

पितृपक्षात सलूनमध्ये जाऊ नये, हे मला घरातूनही सांगितलं होतं. पण चतुर्थीच्या धामधुमीत दाढी राहिली ती राहिलीच, आणि मी शहाणपणा केला की पक्षात गर्दी नसते, दहा मिनिटांत मोकळे होऊ. कणकवलीत पक्षात सलून रिकामं असतं हे खरं. पण म्हणूनच तिथे अण्णा असतात.

अण्णा स्वतः पक्षात वस्तऱ्याला हात लावू देत नाहीत. ते येतात पेपर वाचायला, कारण घरी पेपर घेणं त्यांनी कागद महागला तेव्हाच बंद केलं. गिऱ्हाईक नसेल तर मोठ्याने वाचतात. गिऱ्हाईक असेल तर त्याच्यावर वाचतात.

त्या दिवशी सुरुवात जीएसटीपासून झाली होती. २२ सप्टेंबरपासून शेव्हिंग क्रीम आणि सलूनचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर येणार, तेव्हा दाढीचे पैसे आताच कमी घे, असा हुकूम अण्णांनी सलूनवाल्याला सोडला. तो म्हणाला, "अण्णानू, मी जीएसटी भरतंय खंय कमी करूक?" यावर अण्णांनी फक्त पान उलटलं. पलीकडे अमेरिका होती. आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ नेमका चतुर्थीच्या दिवशी, २७ ऑगस्टला लावला, हा त्यांना गणपतीचा अपमान वाटतो. "आता कोळंबी थंय जावची नाय. हय स्वस्त होतली. पण पक्षात खातलो कोण?" बाहेर जाणारी बहुतेक कोळंबी आंध्रातल्या तळ्यांतली असते, असं मी सांगणार होतो, पण वस्तरा ओठाशी होता. अण्णांच्या बोलण्याला उत्तर न मिळण्याचं खरं कारण हेच आहे. ते वेळ बघून बोलतात.

मग रो-रो आली. कोकण रेल्वेने २०२५च्या गणपतीसाठी गाड्या वाहून नेणारी ट्रेन सोडली, कोलाड ते गोव्यातलं वेर्णा, एका फेरीत ४० गाड्या, एका गाडीला ₹७,८७५. कोणी फारसं फिरकलं नाही, आणि अण्णांना त्याचं नवल नाही. "आपली गाडी आपल्याच दारावरसून आपल्याक बघीत गोव्याक जातली, आणि आपण गोव्यासून परत येवचा! मागीरसून नांदगावाक थांबा दिल्यानी, तो आदी सुचूक नाय?" हे मात्र बरोबर होतं. मी मान हलवली आणि कानाखाली कापलं.

तुरटी लागली. इथे सलूनवाल्याचा स्वभाव सांगायला हवा. त्याला बोलणं ऐकताना हात चालवता येत नाही. अण्णा बोलायला लागले की वस्तरा हवेत थांबतो. समोरच्या आरशात मला माझा चेहरा दिसत होता. उजवा गाल म्हणजे मुंबई-गोवा महामार्गाचा खारेपाटण ते झाराप, गुळगुळीत, चौपदरी. डावा गाल म्हणजे पनवेल ते इंदापूर. २०११ साली काम सुरू झालं, फेस अजून तसाच. मंत्री येतात, पाहणी करतात, पुढच्या गणपतीपर्यंत होईल म्हणतात.

आणि त्याच वेळी तो प्रश्न आला. पिक्चर म्हणजे 'दशावतार', आमच्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या त्याच नावाच्या लोकनाट्यातल्या कलावंताचा. १२ सप्टेंबरला लागला, अनंत चतुर्दशीला आठवडा झाला नाही तोवर. मुंबईकर परतीच्या गाडीतून उतरले ते थेट थिएटरात गेले असावेत, कारण माझ्या फोनवरच्या प्रत्येक भाच्याने 'आपलं कोकण' लिहून हात जोडलेले होते. दिलीप प्रभावळकर ८१व्या वर्षी दशावतारी बाबुली मेस्त्री झालेत. बायकोने बुधवारची दोन तिकिटं काढली होती.

"नाय अजून. बुधवारी जातंय," मी म्हणालो. "अण्णानू, शेवट सांगू नकात."

अण्णांनी पेपरची घडी केली. इतकी व्यवस्थित घडी मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं.

"शेवट सांगू नको? संकासुराक विष्णू मारतलो, ह्या माझ्या आज्याक म्हायत होता, बापाशीक म्हायत होता. म्हणान जत्रेतसून कोण उठान गेलो काय?"

याला उत्तर नाही. असतं तरी फेस तोंडात गेला असता.

मग अण्णा उभे राहिले. खुंटीवरचा टॉवेल, तोही माझ्यासाठी काढून ठेवलेला स्वच्छ टॉवेल, त्यांनी डोक्यावरून पदरासारखा घेतला. हे ठाऊक असायला हवं की अण्णा तरुणपणी एका दशावतारी कंपनीत स्त्रीपार्टी होते. सत्तरीतला, आठ दिवसांच्या पांढऱ्या खुंटाचा तो माणूस पदर दातांत धरून उभा राहिला आणि मला म्हणाला, "शेवटाक राणी येता."

"राणी?" मी म्हटलं. "त्या पिक्चरात?"

"गप बस. आयक."

आणि विलाप सुरू झाला. सलूनवाल्याने वस्तरा खाली ठेवला, मला आधी वाटलं संपवायला घेतोय, तर त्याने कात्री आणि कंगवा उचलून झांज धरली. कचकच, कचकच. अण्णा प्राणनाथांना हाका मारत होते. प्राणनाथ बहुधा मी होतो, कारण ते माझ्या खुर्चीभोवती फिरत होते आणि मधूनच माझ्या पायाशी बसत होते. रस्त्यावरची दोन शाळकरी पोरं दारात थांबली. एक रिक्षावाला रिक्षा बंद करून आला. माझ्या डाव्या गालावरचा फेस वाळून ताणायला लागला, जखमेवरची तुरटी चुरचुरत होती, आणि गळ्याला कापड बांधलेलं असल्याने मला टाळ्यासुद्धा वाजवता येत नव्हत्या. मध्येच राणीने थांबून माणसासारखं विचारलं, "चाय सांगितलंस?" आणि चहा येईपर्यंत पुन्हा रडायला लागली.

खरं सांगायचं तर वाईट नव्हतं. तो पदर डाव्या खांद्यावर आला तेव्हा क्षणभर मला पांढरे खुंट दिसेनासे झाले. पण माझं अर्धं तोंड वाळत होतं, त्यामुळे मी ते कबूल केलं नाही.

राणी सती गेल्यावर अण्णांनी टॉवेलने घाम पुसला, त्याच टॉवेलने, आणि पिक्चरचा उरलेला शेवट दोन वाक्यांत उरकला. तो मी इथे लिहीत नाही. मला ज्याचा त्रास झाला तो तुम्हाला कशाला.

मी चिडून म्हटलं, "आता पैसे देवन काय बघू?"

"पैसे देवचे," अण्णा म्हणाले. "थंय तरी देवचे. जत्रेत कोण देता?"

त्यावर कोणी हसलं नाही. रिक्षावाला निघून गेला.

कारण ते खरं आहे, आणि मी ते दर वर्षी बघतो. दिवाळीनंतर जत्रा सुरू होतात. मुंबईची मंडळी येतात, संकासुराबरोबर फोटो काढतात, लाल जिभेची भीती वाटल्याचं नाटक करतात, आणि आख्यान सुरू व्हायच्या आत गाडी काढतात, कारण सकाळी निघायचं असतं. पहाटेच्या दहिकाल्याला मांडवात देव, पेटीवाला आणि झोपलेली म्हातारी माणसं उरतात. रात्रभर राजा झालेला माणूस तोंडाचा रंग पुसून टेम्पोतून पुढच्या गावाला जातो. आता तीच मंडळी मुंबईत गार थिएटरात पॉपकॉर्न खात डोळे पुसतात आणि जंगल वाचलं पाहिजे म्हणून शिट्ट्या वाजवतात. २०२१च्या जुलैत दोडामार्गातल्या कळणे गावच्या खाणीचा बांध फुटून चिखल लोकांच्या घरात आणि बागायतीत शिरला, तेव्हा एकाही भाच्याने हात जोडलेले मला आठवत नाहीत. पिक्चर चांगला आहे की वाईट हा मुद्दाच नाही. पिक्चर तीन तासांत संपतो, म्हणून तो सगळ्यांना परवडतो.

हे सगळं मला सलूनमध्येच बोलायचं होतं. पण तेवढ्यात सलूनवाल्याला माझा डावा गाल आठवला, त्याने नवा फेस न लावता नुसतं पाणी मारलं, आणि मी पुन्हा गप्प झालो. पैसे पूर्ण घेतले. चहाचेही माझ्याकडूनच.

बुधवारी आम्ही गेलो. मध्यंतराला बायकोने विचारलं, बघत का नाहीस नीट? मी राणीची वाट बघत होतो. मध्यंतरानंतरही वाट बघत होतो. प्रभावळकर एवढं करत होते पडद्यावर, आणि मी मेला दाराकडे बघतोय, आता येईल, आता येईल. राणी आली नाही. पिक्चरात राणी नाहीच! दशावतारात लिहिलेले संवाद नसतात, कथा तेवढी ठरते आणि मग ज्याला जे सुचेल ते तो रंगमंचावर बोलतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरीही मी तीन तास एका राणीपायी घालवले.

परत येताना सलूनपाशी थांबलो. अण्णा घरी गेले होते. सलूनवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, अण्णांनी पिक्चर अजून बघितलेलाच नाही. पुतण्या पुढच्या आठवड्यात नेणार आहे.

पक्ष रविवारी अमावास्येला संपतो. अण्णांची दाढी एव्हाना बोटभर झाली असेल, एक ना एक दिवस त्यांना त्या खुर्चीत बसावंच लागणार. मी सलूनवाल्याला सांगून ठेवलंय, पुतण्या नेण्याच्या आधी बसव, आणि उजवा गाल झाला की मला फोन कर.