खुलासा: २०१८ चं ते पत्रक सक्तीचा आदेश नव्हतं

१२ जून २०२५ च्या अहमदाबाद विमान अपघाताबद्दल एक मेसेज फिरतो आहे: ‘इंधनाचे स्विच तपासा अशी सक्ती अमेरिकेने २०१८ मध्येच केली होती, एअर इंडियाने आदेश धाब्यावर बसवला.’ हे खरं नाही.

१७ डिसेंबर २०१८ रोजी अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक एफएएने काढलं ते माहितीपत्रक होतं. इंजिनाचं इंधन चालू-बंद करणारा हा स्विच चुकून हलू नये म्हणून त्याला लॉक असतं. काही बोईंग ७३७ विमानांत हे लॉक निकामी आढळलं होतं. ७८७ (अपघात झालेलं विमान याच प्रकारचं) सह इतर बोईंग विमानांतही ते तपासावं, अशी शिफारस त्यात होती. सक्तीचा आदेश काढण्याइतका हा धोका नाही, हेही तिथेच लिहिलं आहे. आपल्याकडच्या अपघात तपासाचा प्राथमिक अहवालही सांगतो, की पत्रक सल्लावजा होतं म्हणून तपासणी झाली नव्हती.

सक्तीचा आदेश वेगळ्या वाटेने येतो. अमेरिकेत एरवी आधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवतात. तातडीचा आदेश थेट विमानमालकांना जातो. दिलेल्या मुदतीत काम झालं नाही, तर ते विमान उडवणं बेकायदा ठरतं.

भारतात ही तपासणी सक्तीची झाली ती आपल्या विमान वाहतूक नियामकाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, १४ जुलै २०२५ च्या आदेशाने, मुदत २१ जुलै. सल्ला तेव्हाच मानायला हवा होता, असं मलाही वाटतं. पण म्हणून आदेश मोडल्याचा आरोप करता येत नाही.

या अपघातात २६० माणसं गेली. त्यांच्या घरीही हे मेसेज पोचत असणार. कृपया तो पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.