मामी, तो मेसेज खरा नाही

गेल्या आठवड्यात मामीचा फोन आला. आवाज एकदम मोकळा. "अगं, वाचलास का तो मेसेज? आमच्या पोरींची काळजी मिटली बघ. नॉमिनीत नाव घातलं की सगळं मिळतं म्हणे."

पोरी म्हणजे माझी मामेबहीण आणि तिची जोडीदार. अकरा वर्षं एकत्र राहतायत. मामीला ते पचायला त्यातली निम्मी वर्षं लागली, पण आता ती दोघींना "आमच्या पोरी" म्हणते. एका आईने जीव भांड्यात पडल्यासारखा फोन करावा आणि मी तिला सांगावं की हे खोटं आहे, याचा मला जो राग आला तो या लिखाणात दिसेल. दिसू दे.

मेसेज तुमच्याकडेही फिरत आला असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम गेलं तेव्हाच समलिंगी जोडप्यांना सगळे हक्क मिळाले. लग्नाची मागणी सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये फेटाळली, विषय संपला. नॉमिनी, मृत्युपत्र आणि जॉइंट खातं एवढं केलं की नवरा-बायकोला मिळतं ते सगळं यांनाही मिळतं. तरी लग्न हवं म्हणणाऱ्यांचा डोळा सवलतींवर आहे. उद्या दोन मित्र पेन्शनसाठी लग्न करतील. हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ. आणि शेवटी, मुलांचं काय?

मी तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण बाकीचे मुद्दे मतं बिघडवतात, हा मुद्दा माणसांचं प्रत्यक्ष नुकसान करतो. सतरा वर्षं मी हिशेब विभागात काम करते आहे. कर्मचारी गेल्यावर पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे कागद घेऊन कोण येतं, कुणाला पैसे मिळतात आणि कुणाला परत पाठवावं लागतं, हे मी टेबलाच्या या बाजूने पाहिलं आहे.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. माणूस गेल्यावर पैसे कुणाच्या हातात द्यायचे, एवढ्यापुरतं ते नाव असतं. ते पैसे कुणाचे, हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवतं. सुप्रीम कोर्टाने विम्याच्या बाबतीत हे १९८४ मध्ये सरबती देवी खटल्यात सांगितलं. शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये, शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद जयंत साळगावकर या खटल्यात, पुन्हा सांगितलं. म्हणजे जोडीदाराला नॉमिनी केलंत आणि मृत्युपत्र केलं नाहीत, तर ती पैसे घेईल आणि उद्या कायदेशीर वारस दारात आले की त्यांना देईल. न दिले तर कोर्ट.

विम्यात २०१५ मध्ये एक सुधारणा झाली. विमा कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे आई-वडील, नवरा किंवा बायको, किंवा मुलं यांपैकी कुणी नॉमिनी असेल, तर ते पैसे त्याच्याच हक्काचे होतात. चांगली सुधारणा आहे. पण ती यादी तिथेच संपते. वीस वर्षं एका घरात राहिलेली जोडीदार त्या यादीत नाही. लग्न होऊन आठवडा झालेला नवरा आहे.

पीएफचा प्रकार याहून कठीण आहे. तिथे मनात येईल त्याचं नाव घालताच येत नाही. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजना १९५२ ची आहे, आणि तिचा परिच्छेद ६१ स्पष्ट सांगतो की सभासदाला कुटुंब असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच हवा. बाहेरच्या माणसाचं नाव घातलं तर ते नामनिर्देशन अवैध. कुटुंब कुणाला म्हणायचं तेही योजनेतच लिहिलं आहे. त्यात नवरा-बायको आहेत, मुलं आहेत, सभासदावर अवलंबून असलेले आई-वडील आहेत, आणखी काही नाती आहेत. समलिंगी जोडीदार नाही. ग्रॅच्युइटीचा नियमही याच धाटणीचा. तिच्या नामनिर्देशनाच्या फॉर्मवर तर कर्मचाऱ्याला लिहून द्यावं लागतं की खाली दिलेली व्यक्ती माझ्या कुटुंबातली आहे, किंवा मला कुटुंबच नाही.

आता माझ्या बहिणीचं बघा. मामा जाऊन नऊ वर्षं झाली, मामी तिच्यावर अवलंबून आहे. म्हणजे कायद्याच्या भाषेत बहिणीला कुटुंब आहे. मेसेज वाचून तिने पीएफच्या पोर्टलवर "कुटुंब आहे का" या प्रश्नापुढे "नाही" निवडलं आणि जोडीदाराचं नाव घातलं. स्क्रीनवर नामनिर्देशन झाल्याचं दिसलं, ती निर्धास्त झाली. उद्या काही झालं तर ते नामनिर्देशन टिकणार नाही. तिला हे कळायची वेळ तेव्हा येणारच नाही, कारण ती नसेल. कळेल ते मागे राहिलेलीला. म्हणून म्हणते, हा मेसेज निरुपद्रवी नाही.

मृत्युपत्र न करता बहीण गेली तर? हिंदू वारसा कायद्याचं कलम १५. अविवाहित बाईचं सगळं आधी आई-वडिलांकडे. ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे, मग आईच्या वारसांकडे. ज्या चुलत्यांनी अकरा वर्षांत तिच्या घराचा उंबरा ओलांडला नाही, तेही या रांगेत कुठे ना कुठे उभे आहेत. आणि रांगेत कुणीच उरलं नाही, तर कलम २९ प्रमाणे मालमत्ता सरकारकडे जाते. पुन्हा वाचा: कुणीच नसेल तर सरकार. जोडीदार तेव्हाही नाही.

इथे मेसेजला एक गोष्ट मान्य करावी लागते, नाइलाजाने. मृत्युपत्र खरंच उपयोगी आहे. दोन साक्षीदारांसमोर सही केलेलं मृत्युपत्र असेल तर स्वतःचं घर, ठेवी, दागिने जोडीदाराला देता येतात. प्रत्येक समलिंगी जोडप्याने ते आजच करावं, हे मीही सांगेन. जॉइंट खात्याचंही खरं आहे. अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं की अशा जोडप्यांना जॉइंट खातं काढायला आणि खात्यावर जोडीदाराचं नाव नॉमिनी म्हणून द्यायला कोणतीही आडकाठी नाही. पण मृत्युपत्रात आपल्या मालकीचं असेल तेवढंच देता येतं. कुटुंब निवृत्तिवेतन मृत्युपत्रात लिहून देता येत नाही. अनुकंपा तत्त्वावरची नोकरी देता येत नाही. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विमा योजनेत, अवलंबितांना मिळणारा लाभ देता येत नाही. हे सगळं नात्यावरून मिळतं, आणि नातंच कायद्याच्या लेखी नाही.

दवाखान्याचं तर मेसेजमध्ये नावही नाही. तीन वर्षांपूर्वी बहिणीचं तातडीचं ऑपरेशन होतं. संमतीच्या कागदावर जोडीदाराची सही घेईनात. "तुम्ही पेशंटच्या कोण?" या प्रश्नाला तिने "आम्ही एकत्र राहतो" असं उत्तर दिलं, तेव्हा तिला बाजूला बसायला सांगितलं. मग मला रात्री पावणेबाराला बोलावलं. मी वर्षातून चार वेळा बहिणीला भेटते. तिला कोणती औषधं चालत नाहीत हे मला ठाऊक नव्हतं. ते जिला ठाऊक होतं ती बाकावर बसली होती, आणि सही माझी चालली. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ याबाबतीत शहाणा आहे. त्यात आपला नामनिर्देशित प्रतिनिधी कुणालाही करता येतं, नातं विचारत नाहीत. म्हणजे असा कायदा लिहिता येतो, आणि आपल्याच संसदेने तो लिहिला आहे.

आता "कोर्टाने विषय संपवला" याबद्दल. अर्धं खरं आहे. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रियो खटल्यात, म्हणजे समलिंगी लग्नाला मान्यता मागणाऱ्या खटल्यात, पाचही न्यायमूर्तींनी सांगितलं की लग्न करणं हा मूलभूत हक्क नाही, आणि विशेष विवाह कायदा बदलणं संसदेचं काम आहे. जोडप्यांच्या सहजीवनाला कायदेशीर मान्यता आणि एकत्र दत्तक घेण्याचा हक्क द्यावा की नाही यावर मात्र तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली. फेरविचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली गेली. हे लपवण्यात अर्थ नाही, आणि मला ते दुखलं हेही लपवत नाही.

पण मेसेज लिहिणाऱ्याने निकाल शेवटपर्यंत वाचलेला नाही. ज्या न्यायमूर्तींनी लग्नाची मागणी नाकारली, त्यांनीच म्हटलं आहे की पेन्शन, पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा यांतून समलिंगी जोडीदार वगळले जातात आणि त्याचा आढावा घेतला पाहिजे. त्यासाठी कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायला सांगितली, आणि केंद्राने ती एप्रिल २०२४ मध्ये नेमली. सगळं मिळालेलंच असतं तर समिती कशासाठी? मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तर म्हटलं की कुटुंब उभं करायला लग्न हा एकच मार्ग नाही. विषय चालू आहे, संपलेला नाही.

"३७७ गेलं म्हणजे हक्क मिळाले" याला दोन ओळी पुरेत. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने एवढंच केलं की दोन सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांसाठी त्यांना तुरुंगात टाकता येणार नाही. तुरुंगात न जाणं आणि जोडीदाराच्या पीएफवर हक्क असणं, यांत फार मोठं अंतर आहे.

दोन मित्र पेन्शनसाठी लग्न करतील, हा मुद्दा वाचून मी फोन खाली ठेवला होता. कुणाला फसवणूकच करायची असेल तर आजही एक बाई आणि एक पुरुष पेन्शनसाठी खोटं लग्न करू शकतात. त्यांना कोण अडवतं? त्या भीतीने आपण सगळ्या नवरा-बायकोंचे हक्क काढून घेतले का? शिवाय लग्नाबरोबर जबाबदाऱ्याही येतात. पोटगी द्यावी लागते. सुटायचं असेल तर कोर्टात जावं लागतं. एक लग्न असताना दुसरं केलं तर गुन्हा. ज्याला नुसती सवलत हवी आहे तो माणूस एवढं ओझं गळ्यात बांधून घेणार नाही. आणि सवलत हा शब्दच मला खटकतो. माझ्या बहिणीच्या पगारातून पीएफ तेवढाच कापला जातो जेवढा शेजारच्या टेबलावरच्या लग्न झालेल्या माणसाचा. आयकर तोच. तिने स्वतः भरलेले पैसे तिच्या माणसाला मिळावेत, ही मागणी सवलतीची कशी होते?

पाश्चात्त्य खूळ म्हणणाऱ्यांनी ३७७ कुणी आणलं ते बघावं. इंग्रजांनी, १८६० च्या दंड संहितेत. आणि लग्नाला मान्यता देणाऱ्यांत तैवान आहे, २०१९ पासून. थायलंड आहे, जानेवारी २०२५ पासून. नेपाळमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा लग्नाची पहिली नोंद झाली.

मुलांचा मुद्दा असा मांडला आहे, जणू कायदा बदलला तरच समलिंगी माणसं मूल वाढवतील. एकट्या माणसाला दत्तक घेता येतं, आजही. फक्त जोडप्यासाठी किमान दोन वर्षांच्या स्थिर वैवाहिक नात्याची अट आहे, त्यामुळे दोघींपैकी एकच कागदोपत्री आई होते. ती उद्या गेली तर मुलाला रोज शाळेत सोडणारी दुसरी आई कायद्याने परकी. मुलांची काळजी असेल तर ती इथून सुरू व्हायला हवी.

मामीला मी हे सगळं फोनवर सांगितलं, जमेल तसं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग पीएफला माझंच नाव राहू दे. तिला काही झालं तर मी पैसे हिला देईन की गं. माझ्या कोण नात्यागोत्याची लागते ती, असं मी म्हणेन का?"

मामी तसं म्हणणार नाही, हे मला माहीत आहे. पण आयकर कायदा म्हणतो. नातेवाईक नसलेल्या माणसाकडून वर्षात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भेट मिळाली तर ती सगळी रक्कम करपात्र उत्पन्न धरली जाते. सासूने जावयाला दिलेली भेट त्यात येत नाही, कारण तो नातेवाईकांच्या व्याख्येत बसतो. लेकीची जोडीदार बसत नाही. २०२५ मध्ये एका समलिंगी जोडप्याने याच तरतुदीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं आहे.

रविवारी दोघी माझ्याकडे येणार आहेत, मामीला घेऊन. पोर्टलवरचं नामनिर्देशन बदलायचं आहे, आणि मृत्युपत्रं तीन करायची आहेत. तिसरं मामीचं.