पंप बदलण्याआधी टाकीचं झाकण उघडा

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

दुपारी पारोळ्याकडचा एक पोरगा गोणपाटात गुंडाळलेला हायड्रॉलिक प्रेसचा नवा कोरा गिअर पंप (गिअर फिरवून तेल ढकलणारा) घेऊन आला. पॉवर पॅकची, म्हणजे टाकी-मोटर-पंपाच्या जोडणीची, मोटर ५ एचपीची, जुना पंप १० सीसीचा (एका फेऱ्यात तेवढं तेल टाकणारा). दुकानदाराने दिला १६ सीसीचा, वर सांगितलं, "२५० बारचा आहे भो, प्रेसचं टनेज वाढेल." आता दाब चढला की मोटर ट्रिप. पोराला कोणीतरी सांगितलं, मोटरच बदल. म्हणजे बापाच्या खिशाला आणखी एक भोक!

अरे, पंपावरचे बार म्हणजे तो किती दाब सहन करू शकतो तेवढंच. टनेज, म्हणजे प्रेसचा जोर, ठरतं सिलिंडरच्या बोअरवर (आतल्या व्यासावर) आणि रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारा) कितीला लावलाय त्यावर. १०० मिमी बोअरला १३० बार म्हणजे साधारण १० टन, मग पंप कोणताही बसवा. सीसी वाढवला तर रॅम, म्हणजे प्रेसचा दांडा, जोरात पळतो आणि मोटरवर बोजा येतो, बस. बार गुणिले मिनिटाचे लिटर, भागिले ६००, झाले किलोवॅट; त्यावर पंपातल्या घर्षण-गळतीचे १५-२० टक्के धरा. १० सीसीचा पंप १४४० आरपीएमला १४ लिटर देतो आणि १३० बारला सगळी ५ एचपी खातो. १६ सीसीला त्याच दाबाला ८ एचपी लागतील. कागदाच्या चिटोऱ्यावर मावेल एवढा हिशोब, पण विकणाऱ्याला तेवढाही करावासा वाटत नाही!

आमच्या एमआयडीसीतल्या अप्पांचंही असंच झालं होतं. प्लास्टिक भंगाराचे गठ्ठे बांधायची प्रेस. पंप सारखा जायचा आणि प्रत्येक वेळी जो तो आधीपेक्षा महागडा पंप गळ्यात मारायचा. टाकीचं झाकण मात्र कोणी उघडलं नव्हतं. मी सक्शन स्ट्रेनर (पंप तेल ओढतो तिथली गाळणी) बाहेर काढला तर जाळी दिसतच नव्हती. कॉटन वेस्टचे धागे, त्यात प्लास्टिकचा भुगा, वर काळा चिकट थर. पंप खडी भरडल्यासारखा ओरडत होता. अप्पा म्हणाले, "आवाज तर पयल्यापासूनच आहे."

जुना पंप खोलून बघा ना, तो सगळं सांगतो. गिअरवर, त्याच्या बाजूच्या प्लेटवर रेघा असतील तर तेलात कचरा होता. बॉडी सक्शनच्या बाजूला खोल कापली गेली असेल तर दाब जास्त झालाय, आधी रिलीफ व्हॉल्व्ह आणि गेज तपासा. अप्पांच्या पंपाची बॉडी ठीक होती, प्लेटवर बारीक खड्डे पडले होते. म्हणजे पंपाला तेलच पुरत नव्हतं. त्यात कोण्या शहाण्याने सक्शनला एक इंची पाइप काढून अर्धा इंची जोडलेला! तेवढ्या पाइपातून १४ लिटर ओढायचं तर तेलाचा वेग सेकंदाला २ मीटरजवळ जातो. तो १ मीटरच्या आत पाहिजे.

मान्य, सीझनमध्ये मशीन बंद ठेवून पुण्याहून पंप यायची वाट बघणं परवडत नाही, मिळेल तो टाकावा लागतो. टाका. पण सीसी जुळवा. शाफ्ट सरळ चावीचा का टेपर (निमुळता), फ्लँज (पंप जिथे बोल्टने बसतो तो भाग) दोन बोल्टचा का चार, ते मोजा. फिरायची दिशा शाफ्टकडून बघा. एका दिशेचा पंप उलटा फिरवला की शाफ्टचं ऑइल सील फुटलंच समजा. पहिल्यांदा सुरू करताना पंपात तेल भरा आणि रिलीफ पूर्ण सैल ठेवा, मग हळूहळू कसा.

दुकानदारांशी माझं भांडण नाही, त्यांनाही माल खपवायचाय. पण कर्ज काढून मशीन घेतलेल्या पोराला एवढं विचारायला काय जातं, की बाबा, मोटर किती एचपीची आहे? अप्पांना शेवटी त्याच १० सीसीचा साधा पंप बसवला, स्ट्रेनर आणि तेल नवं, सक्शन परत एक इंची. आमच्याकडच्या मे महिन्यात तेल पातळ होतं म्हणून जाडसर ६८ ग्रेडचं भरलं. प्रेस आजही चालू आहे.

जळगाव, धुळे, शहादा, दोंडाईचा, कुठेही पंप बदलायचा असेल तर जुन्या पंपाची नेमप्लेट, शाफ्ट, फ्लँज आणि मोटरची प्लेट, एवढे फोटो कमेंटमध्ये टाका. टाकीच्या आतला पण एक टाका. रात्री घरी आलो की बघून सांगतो.