कफ फाटला

"कफ फाटलाय," एमआरआयची फिल्म उजेडाला धरून डॉक्टर म्हणाले.

"पण यांना खोकला कुठंय?" हिनं विचारलं.

डॉक्टर सज्जन. त्यांनी फिल्म खाली ठेवली आणि शर्टाची बाही दाखवत सांगितलं की हा कफ वेगळा. खांद्याच्या गोळ्याला चार स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, वेढून असतात, त्याला रोटेटर कफ म्हणतात. त्यातली वरची कंडरा हाडापासून सुटली आहे, ती पुन्हा टाचावी लागेल. आम्हाला समजलं. पण ही बातमी नातेवाइकांत फक्त "कफ" एवढ्याच अंगानं पोचली. थोरली मेहुणी ज्येष्ठमध घेऊन आली, भाच्यानं अडुळशाची बाटली आणली, आणि गावाकडच्या मामांनी फोनवर बजावलं, "दही बंद कर, छाती शेकून घे. या वयात कापाकापी कशाला?"

मी एसटीत ३३ वर्षं कंडक्टर होतो. घाटात उभ्यानं तिकिटं फाडली, कधी तोल गेला नाही. आणि दिवाळीच्या आधी माळ्यावरचा सोऱ्या काढायला प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढलो, तर सोऱ्यासकट खाली. सोऱ्याला काही झालं नाही. त्या वर्षी चकल्याही झाल्या.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. मानेजवळ सुई देऊन हात बधिर केला होता, त्यामुळं संध्याकाळी भेटायला आलेल्या सगळ्यांना मी "काहीच नाही हो, उगाच घाबरवतात" असं सांगत होतो. रात्री दोनला बधिरपणा उतरला. त्यानंतर मी जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही.

आता खरी अडचण. मला जुना अल्सर, एकदा त्यातून रक्तही गेलेलं. त्यामुळं दुखण्याच्या नेहमीच्या गोळ्या आधीच बाद. दुसरी एक ताकदीची गोळी दिली, तर भिंती फिरायला लागल्या आणि ओकारी थांबेना. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी तीही बंद केली. "आता बर्फ, झोळी आणि फिजिओ. सोसेल का?"

मी हिच्याकडे बघितलं. ही म्हणाली, "सोसेल."

खांद्याचं दुखणं दिवसा माणसात असतं, रात्री पिसाळतं. आमचं तर मुक्कामी गाडीसारखं होतं. साडेनऊला येऊन लागायचं, पहाटे साडेपाचला हलायचं. आडवं झालं की कळ, म्हणून मी महिनाभर आरामखुर्चीत उशा लावून अर्धा बसून झोपलो. बर्फाचे खडे खांद्यावर बसत नाहीत, घरंगळतात. हिनं फ्रीजरमधली मटाराची पिशवी पंच्यात गुंडाळून ठेवली आणि ती अशी चपखल बसली की काय सांगू! एकेका वेळी पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. आठवड्यानं ताटात मटार उसळ आली. मी घास हातात धरूनच विचारलं, "हे तेच का?"

"टाकायचे का मग? साल सुद्धा काढलेली नाही कुणी त्यांची."

फिजिओच्या मॅडम माझ्या मुलीपेक्षा लहान. पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, दहापैकी किती दुखतंय?"

"साडेसात."

"पूर्ण आकड्यात सांगा ना."

"मग आठ घ्या. सुटे नाहीत माझ्याकडं."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी दोन दुखणी वेगळी करून दिली. ओढल्यासारखं, ताणल्यासारखं दुखलं तर घाबरायचं नाही. सुई खुपसल्यासारखी कळ आली तर तिथंच थांबायचं. आणि व्यायामानं वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं, तर आपण मर्दुमकी जास्त केली असं समजायचं. तोवर मला दुखणं म्हणजे एकच माहीत होतं, बोंब मारायचं. त्यात तिकिटासारखे टप्पे असतात, हे तेव्हा कळलं.

सुरुवातीचा व्यायाम म्हणजे लंबक. टेबलावर डावा हात टेकून कमरेत वाकायचं, उजवा हात मेल्यासारखा लोंबता सोडायचा आणि अंग झुलवायचं, म्हणजे हात आपोआप हलतो. हा प्रकार कॉडमन नावाच्या बोस्टनच्या सर्जनच्या नावानं ओळखला जातो. त्यांनी १९३४ साली एकट्या खांद्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, असं मॅडमनी सांगितलं. मला नवल वाटलं नाही. ज्याचा खांदा दुखतो त्याला दुसरा विषय सुचत नाही. मी असा झुलत असताना शेजारचं पोरगं दारात येऊन उभं राहिलं. "आजोबा, काय हरवलं?" असं म्हणून तेही टेबलाखाली शिरलं आणि मन लावून शोधायला लागलं. त्याला दोन रुपयांचं नाणं सापडलं. ते दुसऱ्या दिवशीही आलं.

मग खांद्यावर चिकटपट्ट्या लावून विजेच्या मुंग्या आणणारं यंत्र. याच्यामागचं शास्त्र मेलझॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ साली मांडलं. पाठीच्या कण्यात जणू एक दार असतं. स्पर्शाचे, मुंग्यांचे निरोप आधी आत घुसले की दुखण्याच्या निरोपाला वाट मिळत नाही. आपटलं की आई तिथं चोळायची, ते याचसाठी. मॅडम चित्र काढून समजावत होत्या. मी म्हटलं, मॅडम, चित्राची गरज नाही. गाडी भरली की दारातल्या माणसाला सांगायचं, "मागची गाडी रिकामी येतीय." ३३ वर्षं हेच केलं. मागची गाडी अर्थात रिकामी नसायची. यंत्र काढलं की दुखणंही आत चढायचं, पण तेवढी अर्धा-पाऊण तासाची झोप पदरात पडायची.

सहा आठवड्यांनी झोळी सुटली आणि दारावर कप्पी लागली. वरून दोरी, डाव्या हातानं खाली ओढायची म्हणजे उजवा वर जातो. दोरी हातात आली आणि सवयीनं मी दोन झटके दिले. डबल बेल. आतून आवाज आला, "अहो, कोण चढलं?"

ताण दिला की दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा असतो. आकडे मोजताना मी सगळं लक्ष दुखण्याकडेच द्यायचो, आणि सहा ते सात या दरम्यान एक पूर्ण वर्ष जायचं. म्हणून आकडे सोडले आणि थांबे धरले. श्वास सोडत कराडहून निघायचं. उंब्रज, काशीळ, अतीत, नागठाणे, सातारा. पहिल्या आठवड्यात उंब्रजलाच उतरत होतो. जानेवारी संपताना अतीतला पोचलो. मधल्या थांब्यांवर कोण चढायचं ते आठवायचो, काशीळला दुधाचे कॅन वर घेताना रोज भांडणारा एक म्हातारा होता, त्याच्याशी पुन्हा भांडायचो. मॅडम विचारायच्या, "काका, तोंडानं काय पुटपुटताय? जप?" मी "हो" म्हणायचो.

भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम सगळ्यात अपमानास्पद. बोटं मुंगीसारखी वर न्यायची, जिथं अडतील तिथं पेन्सिलीनं रेघ आणि तारीख. पहिली रेघ दिव्याच्या बटणांपाशी. मुक्काम, कॅलेंडरचा खिळा. मध्ये आठ दिवस गाडी घाटात गरम झाली, एक रेघ वर जाईना. नवव्या दिवशी मी टाचा उचलल्या आणि एकदम दोन बोटं वरची तारीख टाकली.

मॅडम आल्या, रेघ बघितली. "छान. आता परत दाखवा. टाचा टेकून."

३३ वर्षांत मी कितीतरी विनातिकीट पकडले. त्यांच्या तोंडावर तेव्हा जे भाव असायचे ते आता माझ्या तोंडावर होते.

पाडव्यानंतर आम्ही साताऱ्याला लग्नाला निघालो. हिला खिडकी मिळाली. शेजारची जागा रिकामीच होती, तरी मी उभा राहिलो आणि उजवा हात वर नेऊन दांडी धरली. उंब्रजपर्यंत ही माझ्याकडे बघत होती, पुढं तिनं ओळख दाखवायचं सोडलं.

"काका, बसा की, जागा आहे," कंडक्टर म्हणाला. पोरगा नवीन होता.

"असू दे," मी म्हटलं. "नागठाण्याला बसतो."