लोशनला तर्री आली

रश्शाला तेल सुटलं की आमच्या घरात आनंद होतो. लोशनला सुटलं, तेव्हा फक्त सासूबाईंना झाला.

भाचीच्या केळवणाला मी बोलून गेले, की लग्नात बायकांना घरच्या कोरफडीचं लोशन वाटू. लालबागच्या आमच्या गॅलरीत कोरफड माणसांपेक्षा जास्त जागा अडवते, तेवढंच भांडवल. बाकी सामान प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलं. दुकानदार म्हणाला, "ताई, इमल्सिफाइंग वॅक्स, म्हणजे तेल-पाणी एकजीव करणारं मेण, जरा बघून घाला." बघून म्हणजे किती, ते त्याच्यापाशीच राहिलं.

मी जात्याच काटकसरी. 200 ग्रॅमच्या घाण्याला 4 ग्रॅम वॅक्स, म्हणजे 2 टक्के. तेल आणि पाणी वेगवेगळ्या पातेल्यांत 70 अंशांवर तापवून एकत्र घुसळलं. काय ते पांढरंशुभ्र रूप! एक बाटली मिरवायला ऑफिसात नेली. लोशन टिकतं का हे बघायला प्रयोगशाळेत ते उबेत ठेवतात, गरगर फिरवतात. मे महिन्यातली लोकल दोन्ही कामं एकाच तिकिटात करते. संध्याकाळी बाटलीत वर बोटभर पिवळं तेल, खाली गढूळ पाणी.

सासूबाईंनी बाटली उजेडात धरली. "तर्री छान आलीय गं. पाव मागवू?"

मग वाचत बसले. विसर्जनाच्या मिरवणुकीत कार्यकर्ते दोर धरून कडं करतात ना, तसं वॅक्स तेलाच्या प्रत्येक थेंबाभोवती कडं करतं. कार्यकर्ते कमी पडले की दोराला भगदाड, थेंब थेंबाला जाऊन मिळतो आणि सगळं तेल वर.

म्हणून पुढच्या घाण्याला 18 ग्रॅम. आता कार्यकर्तेच जास्त, गणपती दिसेना! लोशन फुटेना, पण अंगातही जिरेना. चोळावं तितका पांढरा फेस. सासूबाईंच्या बोटाला पोथीचं पान चिकटून आलं.

तिसऱ्यांदा 10 ग्रॅम, 5 टक्के. एक बाटली फ्रिजमध्ये, एक गॅलरीत उन्हात. दहा दिवस झाले, तेलाचा टिपूस नाही. अकराव्या दिवशी मात्र गॅलरीतल्या बाटलीत हिरवा ठिपका, त्याला बारीक लव. बुरशी! लोशन 40 अंशांखाली आल्यावर त्यात प्रिझर्व्हेटिव्ह घालायचं होतं. नेमका तेव्हाच नणंदेचा फोन आला होता, मेन्यू ठरवायला.

लग्नात आम्ही उदबत्तीचे पुडे वाटले. 18 ग्रॅमवालं हे दाढीला वापरतात.